वाचकांचे प्रश्न : धंद्याच्या छपरावरची सौरवीज

गेल्या अंकात या सदरात घरांवरच्या सौरविजेची माहिती दिली होती. त्यानंतर रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या छोट्या व्यावसायिकांची इतकी पत्रे आली, की हा अंक त्यांच्याच प्रश्नांना द्यावा असे ठरवले. प्रश्नांचा गाभा ठेवून पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : लांज्याजवळ आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त वीज वापरण्याची परवानगी) 15 किलोवॅट असून वर्षाला साधारण 16,000 युनिट वीज लागते. एका कंत्राटदाराने 20 किलोवॅटचा प्रकल्प सुचवला आहे. जास्तीची वीज महावितरण विकत घेते, त्यामुळे उत्पन्न सुरू होईल, असे त्याचे म्हणणे आहे. छप्पर मोठे आहे, कर्जही मिळत आहे. हा प्रकल्प घ्यावा का?

उत्तर : 20 किलोवॅटचा घेऊ नये. किलोवॅट ठरवताना आधी गेल्या बारा महिन्यांची बिले समोर मांडावीत आणि छपराची लांबीरुंदी नंतर मोजावी, हा क्रम आपल्या कंत्राटदाराने उलटा केलेला दिसतो.

आपण पत्रासोबत बिलांतले आकडे पाठवलेत, हे फार चांगले केलेत. फेब्रुवारी ते मे या हंगामाच्या चार महिन्यांत आपला वापर दरमहा सुमारे 1,900 युनिट आहे, जून ते सप्टेंबर या काळात तो 700 युनिटांवर येतो आणि ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत 1,400 च्या आसपास राहतो. काजूबिया उकडण्यासाठी आपण टरफलेच जाळत असल्यामुळे विजेचा वापर मोटारी, कटिंग यंत्रे, ड्रायर आणि पॅकिंग यांच्यापुरताच आहे, म्हणून हा आकडा आटोपशीर आहे. आता उत्पादनाची बाजू पाहू. कोकण किनाऱ्यावर एक किलोवॅटमागे उन्हाळ्यात दिवसाला साडेचार ते पाच युनिट मिळतात, हिवाळ्यात चारच्या आसपास मिळतात आणि भर पावसाळ्यात सरासरी अडीच युनिटांवर समाधान मानावे लागते. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे सोलापूरचा किंवा जळगावचा हिशेब लावून चालत नाही. माहितीपत्रकांत मात्र बहुधा घाटमाथ्यापलीकडचेच आकडे असतात. माझा सल्ला असा, की आपल्याकडे वर्षाला एका किलोवॅटमागे 1,350 युनिट धरावेत आणि त्याहून अधिक मिळाले तर तो नफा समजावा.

या हिशेबाने 11 किलोवॅटचा प्रकल्प हंगामाच्या चार महिन्यांत दरमहा सुमारे 1,550 युनिट देईल आणि आपण 1,900 वापरत असल्यामुळे ते सगळे कारखान्यातच खपतील. पावसाळ्यात तो दरमहा 825 युनिट देईल, त्यांतले सव्वाशे शिल्लक राहतील आणि नेट मीटरच्या, म्हणजे घेतलेली व दिलेली वीज मोजून फक्त फरकाचे बिल करण्याच्या, पद्धतीप्रमाणे पुढच्या महिन्याच्या बिलात वळते होतील. ऑक्टोबरनंतरचे 1,320 युनिट पुन्हा जवळपास पूर्ण वापरले जातील. वर्षाची बेरीज सुमारे 14,800 युनिट होते, म्हणजे आपल्या गरजेच्या नऊ दशांशाहून थोडी अधिक.

20 किलोवॅटचा प्रकल्प मात्र वर्षाला 27,000 च्या घरात युनिट तयार करेल आणि त्यांतले जवळजवळ 11,000 युनिट आपल्या कामाचे नसतील. शिल्लक युनिट पुढच्या महिन्यांत वळते करण्याची सोय आर्थिक वर्षापुरतीच असते. 31 मार्चला उरलेले युनिट महावितरण विकत घेते, पण आपण विजेला जो दर मोजतो त्याच्या मानाने हा दर बराच कमी असतो. कंत्राटदार जे उत्पन्न सांगतो ते हेच. शिवाय नेट मीटरच्या प्रकल्पाची क्षमता मंजूर भाराहून अधिक ठेवता येत नाही. 20 किलोवॅटसाठी आपल्याला मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल, त्याची अनामत भरावी लागेल आणि बिलातला स्थिर आकारही वाढू शकेल. गरज नसलेली वीज बनवण्यासाठी हा खर्च करण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

खर्चाचा अंदाज घ्यायचा तर या आकाराच्या प्रकल्पाला किलोवॅटमागे साधारण 45 ते 60 हजार रुपये पडतात. किनाऱ्यासाठी जी जादा काळजी घ्यावी लागते ती धरून वरचाच आकडा मनात ठेवावा. आपल्या बिलात युनिटनुसार आकारली जाणारी जेवढी रक्कम आहे, म्हणजे वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचे वीज शुल्क, तेवढीच वाचते. स्थिर आकार सौर बसवला तरी भरावाच लागतो. उदाहरणापुरता युनिटला 10 रुपये दर धरला तर वर्षाला सुमारे 1 लाख 48 हजार रुपये वाचतील आणि साडेसहा लाखांचा प्रकल्प साडेचार वर्षांत फिटेल. बँकेचे व्याज आणि देखभाल धरल्यास सहा वर्षे म्हणावीत. पॅनेलची उत्पादन हमी सहसा 25 वर्षांची असते, मात्र पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर या काळात एकदा बदलावा लागेल, ती रक्कम आजच बाजूला धरावी.

पुढच्या दोन वर्षांत नवा ड्रायर किंवा शीतखोली घेण्याचा विचार असेल, तर छपरावर जागा आणि केबलच्या नळ्या आत्ताच सोडून ठेवाव्यात. पॅनेल नंतर वाढवता येतात.

प्रश्न : केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेचे 78,000 रुपयांचे अनुदान आमच्या हार्डवेअरच्या दुकानाला मिळेल का? (चिपळूण)

उत्तर : मिळणार नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेली ती योजना घरगुती जोडणीपुरतीच आहे. दुकानामागे राहते घर असेल आणि त्याचे मीटर वेगळे, घरगुती दराचे असेल, तर त्या मीटरपुरता अर्ज करता येतो. पण त्याच्या आडून दुकानाला वीज नेणे हा विजेचा अनधिकृत वापर ठरतो, हे ध्यानात असू द्यावे.

व्यावसायिकाला मिळणारा खरा लाभ प्राप्तिकरातल्या घसाऱ्याचा, म्हणजे यंत्रसामग्रीच्या झिजेपोटी उत्पन्नातून मिळणाऱ्या वजावटीचा आहे. सौर संचाला वर्षाला 40 टक्के दराने घसारा मिळतो. मात्र त्या आर्थिक वर्षात संच 180 दिवसांहून कमी काळ वापरला गेला, तर पहिल्या वर्षी निम्माच, म्हणजे 20 टक्के मिळतो. कोकणात याला एक गोम आहे. छपरावरची कामे पाऊस उघडल्यावर, नवरात्राच्या सुमारास निघतात, आणि 180 दिवसांचा हिशेब ऑक्टोबरच्या पहिल्या दोनतीन दिवसांतच संपतो. त्यामुळे पूर्ण घसारा हवा असणाऱ्याने फेब्रुवारी-मार्चमध्ये कागदपत्रे उरकून एप्रिल-मेमध्ये संच चालू करून घ्यावा, हे बरे. आपल्या सीएशी ही तारीख आधी बोलून ठेवावी.

प्रश्न : तारकर्लीला आमचे आठ खोल्यांचे निवासस्थान आहे. वादळवाऱ्यात येथे एकेक दोनदोन दिवस वीज नसते. सौर बसवल्यावर ही चिंता मिटेल या समजुतीने आम्ही 10 किलोवॅटचा संच घेण्याच्या बेतात होतो, पण शेजाऱ्यांचा संच वीज गेल्यावर भर उन्हात बंद पडलेला पाहिला. असे का होते?

उत्तर : आपण पाहिलेत ते बरोबर आहे आणि खरेदीआधी पाहिलेत हे नशीबच म्हणायचे. नेट मीटरचा साधा, ग्रिडला म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेला इन्व्हर्टर तारेतल्या विजेच्या तालावर चालतो. तारेतली वीज गेली की तो एकदोन सेकंदांच्या आत स्वतः बंद होतो, आणि तसे होणे बंधनकारक आहे. तसे झाले नाही तर खांबावर चढलेल्या वायरमनला जी तार मेलेली वाटते, तिच्यात आपल्या छपरावरून वीज जाईल. त्यामुळे याला संचातला दोष म्हणता येणार नाही. विकताना हे सांगितले जात नाही, हा दोष मात्र आहे.

वीज गेल्यावरही काही चालू राहायला हवे असेल, तर हायब्रिड, म्हणजे तारेतली वीज नसतानाही बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. येथे पहिला निर्णय असा, की काय चालू ठेवायचे. आठ खोल्यांचे एसी बॅटरीवर चालवण्याचा हट्ट धरला तर बॅटरीचा खर्च संचाच्या दुप्पट होईल. खोल्यांतले दिवे व पंखे, स्वयंपाकघरातला फ्रिज, वायफाय आणि विहिरीवरचा पंप इतक्यांची वेगळी लाइन आणि वेगळा बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून काढून घ्यावा. या सगळ्यांचा भार सरासरी 2 किलोवॅट धरला आणि संध्याकाळचे पाच तास काढायचे ठरवले, तर 10 युनिट लागतात. त्यासाठी 12 युनिट क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते. पंपाची मोटार सुरू होताना काही क्षण चारपाच पट करंट ओढते, म्हणून इन्व्हर्टर निवडताना तो आकडा आधी सांगावा, नाहीतर पाहुण्यांनी नळ सोडला की अंधार होईल. बॅटरी समुद्राच्या बाजूच्या पडवीत ठेवू नये आणि गॅस सिलिंडरच्या खोलीत तर मुळीच नाही.

आपल्याकडे डिझेल जनरेटर आहे असे आपण लिहिले आहे. तो आणि सौर संच एकत्र चालवायचे असतील तर मध्ये नियंत्रक लागतो. तो नसेल तर कमी भाराच्या वेळी सौरवीज उलटी जनरेटरमध्ये शिरून त्याचे नुकसान करते.

आणखी एक बाब आपल्या धंद्यापुरती महत्त्वाची आहे. आपला सर्वाधिक वापर एप्रिल-मे महिन्यांतला, तोही रात्रीचा. शिल्लक युनिटांचे खाते 1 एप्रिलला कोरे होते, म्हणजे जानेवारी ते मार्च या काळात साठवलेले युनिट मेच्या गर्दीत उपयोगी पडत नाहीत. म्हणून संचाचा आकार मे महिन्याच्या बिलावरून ठरवू नये, वर्षाच्या बेरजेवरून ठरवावा. आपल्या आकड्यांवरून मला 10 ऐवजी 8 किलोवॅट पुरेसे वाटतात. वाचलेले पैसे बॅटरीकडे वळवता येतील.

प्रश्न : गुहागरला किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर आमचे उपाहारगृह आहे. येथे खिडकीचे गज तीन वर्षांत गंजतात. छपरावरचे लोखंड टिकेल का? आणि वादळाचे काय?

उत्तर : या अंकासाठी आलेल्या पत्रांत मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रश्न हा आहे, कारण कोकणात सौर संच फसतात ते उन्हाच्या कमतरतेने क्वचितच, बहुतेक वेळा ते खाऱ्या वाऱ्याने फसतात.

दोनच पावसाळे झालेल्या एका खानावळीच्या छपरावर मी चढलो होतो. पॅनेल चांगल्या कंपनीचे होते, इन्व्हर्टरही उत्तम होता. पॅनेल धरून ठेवणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर मात्र बाजारातले साधे, वरवर जस्त लावलेले बोल्ट बसवले होते. एका बोल्टाला पाना लावून हलकेच फिरवला, तर बोल्टाचे डोके पान्यासह हातात आले; आत उरली होती ती तपकिरी भुकटी. अँगलवरही गंज होता, पण सगळीकडे नव्हता. जिथे तो जागेवर कापला होता त्या टोकांना आणि जिथे ड्रिलने भोके पाडली होती त्या भोकांभोवतीच गंज पसरला होता, कारण कापताना आणि भोक पाडताना जस्ताचा थर निघून जातो आणि आतले लोखंड उघडे पडते. चारसहा लाखांच्या संचात बोल्टांमागे काही हजारांची काटकसर केलेली होती.

म्हणून करारपत्रात पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात. सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून मुलामा केलेला असावा, थराची जाडी किमान 80 मायक्रॉन असावी आणि कापणे, भोके पाडणे ही कामे मुलाम्याआधी कारखान्यात झालेली असावीत. छपरावर एखादे भोक पाडावेच लागले तर त्यावर त्याच दिवशी जस्तयुक्त रंग लावावा. नटबोल्ट 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत. सगळीकडे मिळणारी 304 प्रत समुद्राच्या इतक्या जवळ काही वर्षांत डागाळू लागते. दोन वेगवेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजतो, म्हणून मध्ये रबराचा वॉशर हवा. पॅनेलसाठी आयईसी 61701 या खाऱ्या धुक्याच्या चाचणीचे प्रमाणपत्र मागावे. बहुतेक मोठ्या उत्पादकांकडे ते असते, फक्त कोणी मागत नाही. इन्व्हर्टर समुद्राकडे पाठ असलेल्या भिंतीवर, आडोशाला, पण हवा खेळती राहील असा बसवावा.

वाऱ्याविषयी असे, की 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर सरकले. या दोन्ही वादळांत किती छपरे उडाली हे आपल्याला मी सांगायला नको. आजचे एक मोठे पॅनेल अडीच चौरस मीटरहून थोडे मोठे असते. ते छपरावर तिरके उभे केले, की त्याचे शीड होते. सांगाड्यासह त्याचा भार चौरस मीटरला 15 किलोच्या आसपास, म्हणजे कौलांच्या भारापेक्षाही कमी असतो, त्यामुळे छप्पर खचण्यापेक्षा पॅनेल उचलले जाण्याची भीती मोठी. कोकण साधारण 16 ते 20 अक्षांशांच्या दरम्यान असल्याने येथे पॅनेलला मोठा कल देण्याची गरजही नाही. गच्चीवर 10 अंशांचा कल पुरतो आणि पत्र्याच्या छपरावर पत्र्याच्या उताराला समांतर, थोडी हवा जाईल इतके अंतर ठेवून बसवणे उत्तम. उतार पूर्व-पश्चिम असला तरी उत्पादनात थोडीच घट येते. छपराच्या कडेपासून पुरेशी जागा मोकळी सोडावी, कारण वारा कडेलाच सर्वांत जोरात उचलतो. आराखड्यावर आयएस 875 च्या तिसऱ्या भागाप्रमाणे वाऱ्याचा हिशेब केल्याची स्थापत्य अभियंत्याची सही घ्यावी; ही सही मागितल्यावर कंत्राटदार जो चेहरा करतो, त्यावरूनही बरेच कळते.

सांगाडा वाशांना किंवा लोखंडी पर्लिनना (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांना) धरलेला असावा, नुसत्या पत्र्याला नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर संच बसवू नये, त्यांवर माणूस चढवणेसुद्धा धोक्याचे आहे. मंगलोरी कौलांवर बसवता येतो, पण गळती काढता काढता दरवर्षी मृग येतो, म्हणून शक्य असल्यास गाड्या लावण्याच्या जागेवर स्वतंत्र मांडव उभारून त्यावर बसवावा. वादळाचा विमा काढताना सौर संचाचा उल्लेख पॉलिसीत वेगळा करून घ्यावा.

अर्थिंगबद्दल आपण विचारले नाही, तरी लिहितो. कातळावर वसलेल्या जागी उन्हाळ्यात जांभा इतका कोरडा होतो, की नेहमीचा अर्थिंगचा रॉड नावापुरता उरतो. आकाशातली वीज जमिनीत नेणारा वीजरोधक, पॅनेलची बाजू आणि घरगुती प्रवाहाची बाजू यांची अर्थिंग वेगवेगळी असावी आणि तिन्हींचे मोजमाप मे महिन्यात, सर्वांत कोरड्या जमिनीवर करून दाखवायला सांगावे. पाच ओहमच्या आत आकडा आला तर ठीक, नाहीतर खड्डा परसातल्या किंवा विहिरीजवळच्या ओलसर मातीपर्यंत न्यावा.

प्रश्न : रत्नागिरीतल्या मिरकरवाडा या मासेमारी बंदराच्या परिसरात आमचा बर्फाचा कारखाना आहे. एक कंपनी स्वतःच्या खर्चाने सौर संच बसवून आम्हाला 20 वर्षे स्वस्त दरात वीज द्यायला तयार आहे. करार करावा का?

उत्तर : आपला कॉम्प्रेसर दिवसरात्र चालतो, दिवसाची सगळी सौरवीज जागेवरच खपेल, त्यामुळे अशा करारासाठी बर्फाचा कारखाना चांगला उमेदवार आहे. परंतु करारातले ‘किमान वीज उचल’ हे कलम आधी शोधावे. जून-जुलैत यांत्रिकी नौकांची मासेमारी बंद असते, बंदर रिकामे असते आणि आपला कारखानाही जवळजवळ थांबतो. त्या काळात तयार झालेली वीज वापरली नाही तरी तिचे पैसे द्यावे लागतील असे कलम बहुतेक मसुद्यांत असते. पावसामुळे उत्पादनही तेव्हा कमीच असते हा दिलासा आहे, तरी हे दोन महिने लेखी वगळून घ्यावेत.

आपले बिल केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे काम करणाऱ्या विजेबरोबर रिअ‍ॅक्टिव्ह वीजही धरून येते, म्हणून दुसरी बाब. सौर संच मोटारींना काम करणारी वीज पुरवतो, पण त्यांची रिअ‍ॅक्टिव्ह गरज, म्हणजे मोटारीत चुंबकत्व टिकवायला लागणारी वीज, तारेवरूनच भागत राहते. त्यामुळे तारेवरून घेतलेल्या विजेचा पॉवर फॅक्टर (तिच्यातला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) घसरतो आणि युनिट कमी होऊनही बिल अपेक्षेइतके उतरत नाही. ही रिअ‍ॅक्टिव्ह गरज जागेवर भागवणारे कपॅसिटरचे स्वयंचलित पॅनेल नव्याने तपासून घेण्याची जबाबदारी कोणाची, हे करारात स्पष्ट असावे. दर दरवर्षी किती टक्क्यांनी वाढेल आणि जागा विकावी लागली तर काय, हेही.

प्रश्न : छपराशेजारी सहा माड आहेत. ते तोडावे लागतील असे सांगण्यात आले. उत्पन्न देणारे माड तोडवत नाहीत. (वेंगुर्ले)

उत्तर : तोडू नयेत. माडाची सावली सरकती आणि विरळ असते, पण एकामागून एक जोडलेल्या पॅनेलच्या एकाच साखळीतल्या दोन पॅनेलवर ती पडली की सगळ्या साखळीचे उत्पादन खाली ओढते. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता छपरावर खडूने सावलीच्या कडा आखाव्यात आणि हेच डिसेंबरमध्ये पुन्हा करावे, कारण तेव्हा सावल्या उत्तरेकडे लांबतात. सावलीत येणाऱ्या पॅनेलची साखळी वेगळी ठेवावी किंवा त्यांना प्रत्येक पॅनेल स्वतंत्रपणे सांभाळणारे ऑप्टिमायझर लावावेत. सावलीपेक्षा मोठी काळजी नारळाची आहे. पॅनेलची काच गारांच्या चाचणीला उतरलेली असते, पण ती चाचणी पंचवीस मिलिमीटरच्या गारेची. दीड किलोचा नारळ त्यात धरलेला नाही. पॅनेल माडाच्या बुंध्यापासून झावळीच्या लांबीइतके दूर ठेवावेत आणि पाडेली (नारळ उतरवणारा) वेळच्या वेळी बोलवावा. पॅनेल धुताना मचूळ विहिरीचे पाणी वापरू नये, त्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. पावसाळा संपल्यावर चौकटीच्या खालच्या कडेला शेवाळाची हिरवी रेघ धरते, ती मऊ फडक्याने सकाळी, काच तापण्याआधी पुसून काढावी.